मेंडिंगने तंबोऱ्याचा भोपळा सांधला, तर आवाज परत येतो का?

अडतीवरची_डीएम

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. दिवसा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब बघते आणि शनिवारी रात्री घरच्या माडीवर पाच जणांना डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळवते, म्हणजे मी त्यांची डीएम, निकाल देणारी. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, स्पेलची, म्हणजे मंत्रांची, नावं सोडली तर सगळं मराठीतून. तीन वर्षं झाली, आजवर माझ्या निकालावरून कुणी टेबलावरून उठलं नव्हतं. गेल्या शनिवारी आमचा बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र खेळणारा पोरगा, अकरालाच उठून मिरजेला गेला. जाताना ताटात भाकरी आणि शेंगांची चटणी तशीच होती. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

झालं ते असं. पार्टी बैलगाडीतून नदी उतरत होती. पलीकडच्या काठावर ओगर नावाचा राक्षस दबा धरून बसलेला. त्याने गाडी उलटवली आणि बार्डचा तंबोरा चाकाखाली आला. तो तंबोराच त्याचा फोकस, म्हणजे स्पेल टाकायचं साधन. मी त्याला फासा टाकायला सांगितला, पडले दोन. भोपळा फुटला. किती तुकडे म्हणून मी आठ बाजूंचा फासा टाकला, सात आले. एक तुकडा धारेला लागून वाहून गेला. घोडीचाही कपचा उडाला, पण तो तिथेच वाळूत सापडला.

ओगर मेल्यावर आमच्या क्लेरिकने, म्हणजे देवाच्या नावाने जादू करणाऱ्याने, मेंडिंग हे मोडलेलं सांधायचं स्पेल टाकलं. (बार्डलाही हा कॅन्ट्रिप घेता येतो, पण आमच्याने पहिल्या लेव्हलला दुसरे दोन घेतले होते.) मी म्हटलं, ठीक आहे, भोपळा सांधला गेला. मग बार्डने तार छेडली तेव्हा मी सांगितलं, आवाज बसका येतो, जवारी बंद झाली आहे, चांगला कारागीर सापडेपर्यंत असंच चालणार. मला वाटलं, प्रसंगाला वजन येईल, पुढे एक वाट सापडेल, कारागिराच्या शोधात पार्टी एखाद्या नव्या गावात जाईल. आणि खरं सांगायचं तर मला असंही वाटत होतं की फुटलेलं वाद्य एका मिनिटात होतं तसं झालं तर ते फुटल्याला काही किंमतच राहत नाही.

आता महत्त्वाचं. हा पोरगा मिरजेच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्या घरातला आहे. मला वाटलं होतं त्याला माझा निकाल सगळ्यात आवडेल, कारागिराचं महत्त्व राखलं म्हणून. तो उलटाच म्हणाला. शब्द मला पाठ झालेत:

"ताई, स्पेलमध्ये काय लिहिलंय? मोडल्याची खूण राहत नाही. मग आवाजात कशी राहील? आमच्याकडं लोक फुटका भोपळा कापडात गुंडाळून आणतात आणि पहिलं वाक्य एकच असतंय, आवाज पहिल्यासारखा येईल न्हवं? छातीवर हात ठेवून हो म्हणायला आम्हाला कधी जमलं नाही. निदान इथं तरी येऊ दे की."

मी म्हटलं, डीएमचा निकाल. तो उठला.

माझ्या तीन शंका आहेत. एक, सात तुकड्यांचा भोपळा मेंडिंगच्या आवाक्यात येतो का मुळात? दोन, वाहून गेलेल्या तुकड्याचं काय? आणि तीन, जी मला झोपू देत नाही: वस्तू जुळली म्हणजे तिचा गुणही जुळला का? वाद्याचा आवाज वस्तूत धरायचा की वस्तूवर झालेल्या कामात? जाणकारांनी मोकळेपणाने सांगा. मी चुकले असेन तर येत्या शनिवारी पाचही जणांसमोर तसं म्हणायची माझी तयारी आहे.

प्रीतिसंगम

कराडहून लिहितोय. ताई, जवारीपर्यंत पोचायच्या आधी दोन गोष्टी तुमच्या नजरेतून सुटल्या आहेत.

मेंडिंग टाकायला एक मिनिट लागतं. सहा सेकंदांचा एक राउंड धरला तर दहा राउंड, आणि तेवढा वेळ लक्ष ढळू द्यायचं नाही. तुम्ही ओगर मेल्यावर टाकू दिलंत, ते बरोबर. लोहचुंबकाचे दोन दगड लागतात, पण त्यांना किंमत दिलेली नाही, त्यामुळे क्लेरिकच्या देवचिन्हावर भागतं. आता खरी मेख. हे स्पेल एका वेळी एकच मोड किंवा एकच फाट सांधतं आणि ती कुठल्याही बाजूने एक फुटापेक्षा मोठी असून चालत नाही. नियमातली उदाहरणं बघा: साखळीची तुटलेली कडी, किल्लीचे दोन तुकडे, फाटलेला झगा, गळकी दारूची पिशवी. सगळं हातात मावणारं.

पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा फुटापेक्षा चांगलाच रुंद असतो. चाकाखाली सापडल्यावर त्याला आडवी भेग गेली तर ती घेराबरोबर फिरत दोन फूटही जाईल. तशी एक जरी भेग असली तरी मेंडिंग तिथे चालतच नाही. काही डीएम म्हणतात, भेग एक-एक फूट करून सांधा. मला ते पटत नाही. फुटाची मर्यादा घातलीय ती कॅन्ट्रिप म्हणजे फुकटची जादू आहे म्हणून. तुकड्या-तुकड्याने चालू दिलं तर उद्या हेच पोर गडाची भिंत सांधायला बसतील.

भेगा सगळ्या फुटाच्या आत धरल्या तरी हिशेब करा. सातातला एक तुकडा गेला, सहा उरले. सहा तुकडे जोडायला निदान पाच सांधे, म्हणजे पाच वेळा टाकणं, पाच मिनिटं. घोडीचा कपचा वेगळा, सहावं मिनिट. तुम्ही एका वाक्यात 'भोपळा सांधला गेला' म्हणालात, तिथेच क्लेरिकवाल्याची मजा गेली असं माझं मत. ही सहा मिनिटं टेबलावर खेळून घ्यायला हवी होती. एक जण तुकडे धरतोय, दुसरा बोट लावून मंत्र म्हणतोय, मागे पाण्याचा आवाज.

जुन्या आवृत्त्यांत हे वेगळं होतं, ते सांगतो कारण तुमच्या तिसऱ्या शंकेला त्यातून वाट मिळेल. साडेतीनच्या नियमांत, म्हणजे २००३ च्या, मेंडिंग एका पौंडापर्यंतच्या वस्तूवर चालायचं. अर्धा किलोही नाही. पण लाकडाची किंवा मातीची वस्तू असेल तर अनेक ठिकाणी मोडलेली असली तरी न दिसेल अशी जुळायची. त्याच्या वर मेक होल नावाचं क्लेरिकचं दुसऱ्या लेव्हलचं स्पेल होतं, ते मोठी वस्तू कितीही ठिकाणी मोडलेली असली तरी पूर्ववत करायचं. मात्र त्यात एक यादी होती: वाकलेलं, जळलेलं, वितळलेलं, पूड झालेलं, वाफ झालेलं हे नाही. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या मनात फरक पक्का होता. मोडणं वेगळं आणि बिघडणं वेगळं. पाचव्या आवृत्तीत ती यादी छापली नाही, पण मी माझ्या टेबलावर ती अजून धरतो.

तुकडा नसेल तर? पाचव्या आवृत्तीत तसं थेट लिहिलेलं नाही. मेंडिंग सांधतं, नवीन घडवत नाही, असं मी धरतो. घडवायला चौथ्या लेव्हलचं फॅब्रिकेट आहे, त्याला दहा मिनिटं आणि कच्चा माल लागतो.

वाळव्याचा_वॉरफोर्ज्ड

भावांनो लई भारी विषय. एक इचारतो, हे मेंडिंग माज्या वॉरफोर्ज्ड कॅरेक्टरवर का चालत न्हाई? मी सगळा लोखंड-लाकडाचा हाय तरीबी डीएम म्हणतोय तू वस्तू न्हाईस. आन आमच्या आर्टिफिसरनं बनवलेल्या यंत्रावर, त्या स्टील डिफेंडरवर, टाकलं की त्याला दोन सहाबाजूचे फासे टाकून हिट पॉइंट मिळत्यात. ह्यो काय न्याय?

प्रीतिसंगम

न्याय असा की तू सजीव गणला जातोस, तुला क्युअर वूंड्स हे जखमा भरायचं स्पेल चालतं. स्टील डिफेंडरच्या वर्णनातच मेंडिंगने बरं होतं असं वेगळं लिहिलेलं आहे, म्हणून त्याला ती सवलत. तुझ्या वर्णनात ते नाही. हा धागा तंबोऱ्याचा आहे, आपण इथेच थांबू.

खर्ज_षड्ज

मला तुमच्या खेळातलं काही कळत नाही. माझ्या भाचीने हा धागा वाचून दाखवला आणि म्हणाली, मावशी, याला तूच उत्तर दे. मी गाते, शिकवते, मिरजेतच वाढले. तंबोरा माझ्या घरात माणसासारखा आहे.

अडतीवरच्या ताई, तुमचा हेतू चांगला होता पण तुम्ही एक चूक केलीत, आणि ती जादूच्या नियमातली नाही, वाद्यातली आहे. भोपळा फुटला म्हणून जवारी बंद होत नाही. जवारी भोपळ्यात नसतेच. ती घोडीवर असते, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर. भोपळ्याने गुंज येते, भरीवपणा येतो. भोपळ्याला भेग असली तर आवाज पोकळ होतो, कुठेतरी फरफर ऐकू येते, खर्ज छेडला की जास्तच. तुमचा पोरगा कारागिराच्या घरचा. तुम्ही 'भोपळा सांधला आणि जवारी बंद झाली' म्हणालात तेव्हा त्याच्या कानाला ते कसं लागलं असेल? कुणी म्हणावं, पायाला प्लास्टर घातलं म्हणून चष्म्याचा नंबर वाढला, तसं.

जवारी काढताना मी पुष्कळदा शेजारी बसले आहे. कारागीर घोडीचा माथा कानसीने घासतो, पण किती, तर आपल्याला दिसणारही नाही इतका. तिथे एक अगदी मंद उतार करायचा असतो, तार त्या उतारावर एका जागी न टेकता हलकेच लोळत गेली पाहिजे. घासतो, भुकटी फुंकतो, तार चढवतो, छेडतो, कान जवळ नेतो. नाही. तार उतरवतो, पुन्हा दोन हात मारतो. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो, मागे-पुढे, केसभर. एका जागी आला की आवाज उघडतो. कळी उमलावी तसा, आणि त्याच एका तारेतून वरचे स्वर झरायला लागतात. मी लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजारी दुसरं कुणी गातंय. पंचमाच्या तारेचं झालं की जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. एका तंबोऱ्याला अर्धा दिवस सहज जातो.

आणि ही जवारी टिकत नाही, हे तुमच्या कोड्याचं उत्तर आहे असं मला वाटतं. रोज तारा घासून घोडीवर चरे पडतात, उतार बिघडतो, आवाज हळूहळू बसतो. यात काही मोडलेलं नसतं. झिजलेलं असतं. तुमचं ते स्पेल मोडलेलं सांधत असेल तर ते त्या झिजेला हात लावणार नाही. पण घोडीचा उडालेला कपचा त्याने खूण न ठेवता बसवला, तर चाकाखाली जायच्या आदल्या क्षणी जी जवारी होती ती जशीच्या तशी परत यायला हवी. चरे होते तर चऱ्यांसकट.

एकच गोष्ट उरते. तारा उतरून पुन्हा चढवल्यावर सूत सरकलेलं असतं, ते लावून घ्यावं लागतं. कुठलाही गाणारा ते स्वतः करतो. त्यासाठी कारागिराच्या गावी जायला नको.

माझा स्वतःचा तंबोरा एकदा गणपतीत पाहुण्यांच्या गर्दीत आडवा झाला. भोपळ्याला वीतभर भेग. कारागिराने आतून कापडाची पट्टी चिकटवली, बाहेरून भेग भरली, पॉलिश केलं. बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं. वाईट वाजतो असं नाही, पण मी पहाटे छेडते तेव्हा मला ती वीतभर जागा ऐकू येते. तो पोरगा जे मागत होता ते मला कुणी दिलं असतं तर मी काय दिलं असतं, हे इथे लिहिता येणार नाही.

गावभाग_सांगली

मी खेळतो पण लिहीत नाही कधी. कराडच्या दादांनी मोडणं आणि बिघडणं वेगळं म्हटलं, मावशींनी झीज वेगळी म्हटली, त्यात एक भर.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या घरात खालच्या मजल्याला छतापर्यंत पाणी. ओसरल्यावर मी, आई आणि शेजारचे काका चिखलात उभे होतो आणि मला खरोखर मेंडिंग आठवलं, कारण त्या आठवड्यात आमचा गेम व्हायचा होता. मी मनातल्या मनात घरभर फिरून ते टाकून बघितलं. आजोबांची पेटी: भाता फुगलेला, सुरांच्या पट्ट्या गंजलेल्या. आईच्या लग्नाचा आल्बम: फोटो एकमेकांना चिकटलेले. सागवानी कपाट: दारं फुगून बसलेली, उघडेनात. वह्या. गाद्या. एकाही वस्तूवर ते चाललं नसतं. मोडलं काहीच नव्हतं. सगळं भिजलं होतं.

घरभरात एकच गोष्ट खरी तुटलेली मिळाली, देवघरातल्या समईची दांडी. ती आम्ही डाग देऊन आणली.

तेव्हापासून माझ्या टेबलावर मी हे स्पेल फार काटेकोर चालवतो. जे सांधतं ते पूर्ण सांधू देतो, त्यात डीएमने हात आखडता घेऊ नये. कारण जे त्याच्या हद्दीबाहेर आहे ते इतकं आहे, इतकं आहे, की आत येणारं थोडकं तरी खेळणाऱ्याला पुरतं मिळालं पाहिजे.

सुताचा_दोरा

मीच तो बार्ड.

ताई, भाकरी तुमच्यावर रागावून ठेवली नव्हती. शेवटची रेल्वे चुकेल म्हणून उठलो होतो, हे अर्धं खरं. अर्धं खरं हे की डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते सगळ्यांसमोर नको होतं.

तुम्हाला माझ्या कॅरेक्टरची पार्श्वभूमी आठवते का? मी पहिल्या सेशनला लिहून दिली होती, आजा तलवारी घडवायचा, मग लढाया थांबल्या आणि त्याने त्याच हत्यारांनी वाद्यं घडवायला घेतली. तुम्ही म्हणाला होतात, कल्पना छान आहे. ती कल्पना नाही. मिरजेच्या सतारमेकरांची कुळकथा तीच आहे. मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे, पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे घडवायलाच लागले. म्हणजे आमच्या गल्लीचा सगळा धंदाच मुळात दुरुस्तीतनं उभा राहिलाय. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरवाले नवीन वाद्यांचे फोटो काढून गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत जे लटकलेलं असतंय, पट्ट्या मारलेलं, वाळत घातलेलं, त्याचे कुणी काढले नाहीत.

मी लहान होतो तेव्हा एक म्हातारे गवई लांबून आले. भोपळा दोन ठिकाणी चेपलेला. त्यांच्या गुरूंनी दिलेला तंबोरा. वडिलांनी आठ दिवस खपून केला. गवयांनी छेडला, बराच वेळ छेडत बसले, मग पैसे ठेवले, नमस्कार केला आणि म्हणाले, छान झालंय. वडील रात्री जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पहिल्यासारखा झाला असता तर ते छान म्हणाले नसते, नुसते गायला लागले असते.

म्हणून मला मेंडिंग लागतं. बार्ड मी फायरबॉलसाठी होत नाही.

खर्जमावशी, सुताबद्दल बरोबर बोललात. आणि वाहून गेलेल्या तुकड्याबद्दल मी ताईंशी भांडणार नाही. नाही तो नाहीच. तिथं ठिगळ लावावं लागेल, दुसऱ्या भोपळ्याचं, आणि त्याचा आवाज काय येईल ते मलाही बघायचंय.

अडतीवरची_डीएम

सगळ्यांचं वाचलं. आज अडतीवर सौदे लवकर उरकले, मग पोत्यांच्या थप्पीला टेकून दुसऱ्यांदा वाचलं.

खर्जमावशी, तुमचं बरोबर. मी जवारी आणि भोपळा एकच धरलं. ऐकीव शब्द वापरला आणि तोही ज्याच्या घरात तो शब्द रोज वापरतात त्याच्यासमोर. गावभागवाल्या दादा, २०१९ ला आमच्या घरी पाणी आलं नव्हतं पण आमच्या गोदामातली हळद भिजली होती, तुमचं वाक्य मी विसरणार नाही.

मी माझा निकाल मागे घेते. नवा निकाल असा. गेल्या शनिवारचा तेवढा भाग आपण पुन्हा खेळू, ओगर मेल्यापासून. भेगा किती लांब आहेत ते मी फासा टाकून ठरवीन, एकेक, सगळ्यांसमोर. फुटाच्या आतल्या भेगेवर क्लेरिकने मेंडिंग टाकलं की ती भेग कधी नव्हतीच. दिसण्यात नाही, आवाजात नाही, कुठेच नाही. त्यावर मी कुठलाही वजाबाकीचा आकडा लावणार नाही. घोडीचा कपचा बसला की जवारी होती तशी. फुटाबाहेरची भेग निघाली तर तिथे मेंडिंग चालणार नाही, ती आतून पट्टी मारून हातानेच धरावी लागेल, आणि त्यासाठी बार्डला लाकूडकामाच्या हत्यारांवर फासा टाकता येईल. त्याच्या आज्याने शिकवलंय म्हणून दोन फासे टाकून मोठा धरायचा. हे मी पार्श्वभूमीचा कागद पुन्हा काढून वाचल्यावर ठरवलं. तो कागद तीन वर्षं माझ्या फायलीत होता आणि मी तो गोष्ट म्हणून वाचला होता.

वाहून गेलेल्या तुकड्याची जागा मात्र भोक राहील. त्याला भोपळा शोधावा लागेल. आपल्याकडे वाद्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ना, तसं नदीकाठचं एक गाव मी नकाशावर टाकतेय, जिथे घराघराच्या पडवीत भोपळे वाळत टांगलेले असतील आणि विकणारी बाई प्रत्येकावर टिचकी मारून ऐकवल्याशिवाय पैसे घेणार नाही. ती टिचकी कशी मारायची, कडक भोपळा कसा वाजतो आणि कच्चा कसा, हे मला कुणीतरी शिकवा. सुताच्या दोऱ्या भावा, तुझ्या वडिलांना वेळ असेल तर रविवारी सकाळी दुकानात येऊ का? मागच्या खोलीत.

सुताचा_दोरा

या की. दहानंतर या, सकाळी ते कुणाशी बोलत नाहीत, कान ताजा असतो तोवर जवारीचं काम करतात. मी त्यांना मेंडिंग समजावून सांगितलं मगाशी. पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, एका मिनिटात? मी म्हटलं हो. म्हणाले, मग ते गवई परत येतील का विचार.

शनिवारी नऊला येतोय. ठिगळासाठी वडिलांनी भोपळ्याचा एक खरा तुकडा दिलाय, टेबलावर ठेवायला.